बदकाच्या पिसांचा वास

क्लबात त्याला तोंडावर ‘काका’ म्हणत आणि पाठ वळली की ‘रिजेक्ट’. दोन्ही त्याला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर दुसरं नाव त्याला जास्त आवडायचं. पंप बनवणाऱ्या कारखान्यात बाहेरून येणारा माल तपासण्यात त्याची सगळी नोकरी गेली होती. नट, वायसर, रबराच्या कड्या, पॅकिंगची खोकी, काहीही येवो, ते आधी त्याच्या टेबलावर यायचं. मेलेली पाल उचलावी तशी तो प्रत्येक वस्तू दोन बोटांच्या चिमटीत उचलायचा, उजेडात धरायचा आणि तोंड वाकडं करून म्हणायचा, ‘‘रिजेक्ट.’’ पुरवठादार त्याच्या नावाने बोटं मोडायचे. घड्याळं, सूटचं कापड, पेनांचे संच घेऊन घरी यायचे आणि दारातूनच परत जायचे. एकाने एकदा निदान चहा तरी घ्या म्हणून फारच गळ घातली, तेव्हा तो म्हणाला होता, ‘‘तुमचा चहा प्यायलो, तर तुमचा मालही मला गोड लागायला लागेल. नको.’’ निवृत्त झाला तेव्हा त्याच्याकडे गुडघेदुखी होती, बेताचं पेन्शन होतं, आणि याने कोणाचं काही खाल्लं असं म्हणायची कोणाची छाती होऊ नये असं नाव होतं. तिन्हींपैकी त्याला काळजी होती ती फक्त नावाची.

नोकरी संपली, पण चिमूट काही सुटली नाही. त्याला कशाची किळस यायची हे विचारण्यापेक्षा कशाची यायची नाही हे विचारावं, उत्तर लवकर संपतं. दुसऱ्याच्या टॉवेलची यायची, बसमधल्या दांड्यांची यायची, कपाच्या काठावरून आलेल्या ओघळाची यायची. बायकोने भाजी वाढली की तो ताट आधी उजेडाकडे फिरवायचा. ‘‘जरा जास्तच शिजलीय.’’ ‘‘आज तेलाला वेगळाच वास आहे का गं?’’ ‘‘हा चहा दुधाच्या पातेल्यात केलास की काय?’’ लग्न झाल्यापासून ती हे ऐकत आली होती. सुरुवातीला रडायची, मग भांडायची, आणि मग केव्हातरी तिने ऐकणंच सोडून दिलं. क्लबात जाण्याआधी तो कढत पाण्याने आंघोळ करायचा, कारण घामट अंगाने चारचौघांत जाणं त्याला असभ्यपणाचं वाटे. आणि आल्यावर पुन्हा करायचा, कारण ते चारचौघे घामट अंगानेच आलेले असत. तो आंघोळ करून बाहेर आला की बाथरूममधून वाफेचे लोट निघत. बायको म्हणे, ‘‘आलं इंजिन.’’

बॅडमिंटनचा क्लब म्हणजे पत्र्याच्या छपराचा एक उंच हॉल, दोन कोर्टं, भिंतीला टेकवलेली बाकं आणि कोपऱ्यात एक लोखंडी कपाट. मोज्यांचा, दुखऱ्या पाठीवर मारायच्या स्प्रेचा आणि कधीच नीट न वाळलेल्या टी-शर्टांचा असा एक वास तिथे मुक्कामाला होता, आणि आत शिरताना आपला हा गृहस्थ रोज क्षणभर श्वास धरायचा. मग जायचाच कशाला? तर पिसांच्या शटलाचा आवाज ऐकायला. जाळीशी उभं राहून हलक्या हाताने शटल पलीकडे टाकावं आणि त्याचा तो नेमका, स्वच्छ ‘टक्’ ऐकावा, एवढं एक सुख या घाणेरड्या जगात त्याला बिनतक्रार मान्य होतं. प्लास्टिकच्या शटलाचं नाव काढलं तरी त्याच्या कपाळाला आठ्या पडत. ‘‘ओल्या फरशीवर चप्पल आपटल्यासारखा आवाज,’’ असं म्हणून तो थुंकल्यासारखं करायचा. थुंकायचा मात्र नाही. थुंकणाऱ्यांची त्याला सगळ्यात जास्त शिसारी होती.

आणि नेमकं तेच प्लास्टिक क्लबाच्या दाराशी येऊन उभं राहिलं. नेहमीची हंसाच्या पिसांची शटलं इतकी महागली, की रोज खेळणाऱ्यांचे डोळे पांढरे झाले. एका शाळेच्या मुख्याध्यापिका असलेल्या सेक्रेटरीबाईंनी सगळ्यांना बाकांवर बसवून वर्गात सांगावं तसं सांगितलं, ‘‘परवडतील अशी पिसांची शटलं मिळाली तर ठीक. नाहीतर पुढच्या हंगामापासून प्लास्टिक. आणि निवड काका करतील. त्यांच्याइतकी चिकित्सा दुसरं कोण करणार?’’

निवृत्त झाल्यापासून त्याला कोणी काही तपासायला दिलं नव्हतं. आतून तो इतका सुखावला, की गुडघाही क्षणभर दुखायचा थांबला. चेहरा मात्र कोणी वापरलेला रुमाल हातात ठेवल्यासारखा केला आणि म्हणाला, ‘‘बघतो.’’

‘‘बघा हो काका, पण टिकाऊ बघा,’’ असं ओरडला तो प्लॉटवाला. जमिनींची दलाली करणारा, आडवा-उभा, क्लबातला सगळ्यात जोरात स्मॅश मारणारा आणि म्हणून सगळ्यात जास्त शटलं फोडणारा. आपला माणूस याच्याकडे बघायचाच नाही. कारण प्लॉटवाल्याला एक खोड होती. विस्कटलेलं पीस नीट करायचं असलं की तो बोट जिभेला लावायचा आणि त्या ओल्या बोटाने पिसं एकेक करून चापूनचोपून बसवायचा. मग ते थुंकीने माखलेलं शटल सर्व्हिससाठी समोरच्याकडे फेकायचा. त्यानंतर आपला माणूस ते कसं उचलत असेल, हे वेगळं सांगायला नको.

त्याने बाजार पालथा घातला. ज्या दुकानात जाईल तिथून एक-दोन नमुन्याची नळकांडी आणायची, घरी झोपायच्या खोलीतल्या कपाटात ठेवायची, आणि रोज एक क्लबात नेऊन तपासायचं. तपासणी ठरलेली. आधी शटल हातात फिरवून डगमगतं का बघायचं. मग मागच्या रेषेवर उभं राहून खालून वर सरळ मारायचं आणि पलीकडच्या मागच्या रेषेच्या किंचित अलीकडे पडतं का बघायचं. आणि शेवटी ते प्लॉटवाल्याच्या तावडीत द्यायचं. एकाचं बूच भुशाचं निघालं. एकाची पिसं कोणी झोपेत चिकटवली असावीत अशी तिरकी. एक तर इतकं वेगाने जायचं, की कोर्टाबाहेरच्या बाकावर बसलेल्यांनी खेळावं. बाकीची प्लॉटवाल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या स्मॅशला कटाकट तुटायची आणि कोर्टावर पिसांचा सडा पडायचा. ‘‘रिजेक्ट,’’ तो म्हणायचा. ‘‘रिजेक्ट. हेही रिजेक्ट. ही शटलं नव्हेत, हा लोकांच्या तोंडावर मारलेला कचरा आहे.’’ त्याला भयंकर राग यायचा आणि तितकंच भयंकर बरं वाटायचं.

शेवटी राहिलं ते भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीतलं एक दुकान. अरुंद जिन्याने वर चढून जायचं. गुडघा त्या दिवशी अगदीच उठला होता. दुकानदाराने स्टूल पुढे केलं, पंखा याच्याकडे वळवला आणि न विचारता चहा मागवला. ‘‘बसा साहेब, दमलात. माल नाही आवडला तर नका घेऊ, पण चहा घ्या.’’ आणि काय झालं कोण जाणे, याने तो चहा घेतला. माल विकणाऱ्याचा चहा, जन्मात पहिल्यांदा. समोरच्या इमारतीत प्लॉटवाल्याचं ऑफिस होतं. तो खिडकीत उभा राहून फोनवर बोलत होता. त्याने हात केला, यानेही केला.

माल बदकाच्या पिसांचा होता, स्वस्त होता, आणि घाण मारत होता. नळकांड्याचं झाकण उघडलं की ओल्या खुराड्यासारखा वास भसकन नाकात शिरायचा. घरी आल्यावर त्याने नमुन्याचं खोकं दारातच बायकोच्या हातात दिलं आणि नाकाला रुमाल लावला.

‘‘हे कपाटात नको. माझ्या कपड्यांना वास लागेल.’’

‘‘मग कुठे ठेवू?’’

‘‘कुठेही ठेव. मला दिसता कामा नये. आणि रोज एक काढून माझ्या बॅगेत टाकत जा. मी हात लावणार नाही.’’

बायकोने डोळे मिटून उघडले, खोकं उचललं आणि आत गेली. त्याने पुन्हा विचारलं नाही.

नमुना असा-तसा नव्हे, चांगला भरघोस दिला होता दुकानदाराने, म्हणून त्याची तपासणी सगळ्यात जास्त दिवस चालली. आणि विपरीतच घडलं. ती घाणेरड्या वासाची शटलं तुटेनात. पहिल्या दिवशी बरी वाटली. पुढे तर दिवसागणिक जास्तच टिकायला लागली. प्लॉटवाल्याने जीव खाऊन स्मॅश मारले, त्याचा टी-शर्ट पिळून काढावा इतका भिजला, पण पिसं लवायची आणि परत सरळ व्हायची. याने खोट काढायचा जिवाचा आटापिटा केला. जरा संथ आहेत म्हणाला, तर सगळे म्हणाले, या उकाड्यात तीच बरी. वास येतो म्हणाला, तर सगळे हसले. ‘‘काका, या हॉलमध्ये तुम्हाला शटलाचा वास वेगळा ओळखू येतो?’’ शेवटी एका संध्याकाळी सेक्रेटरीबाईंनी त्याला सरळ विचारलं, पास की रिजेक्ट?

‘‘पास,’’ तो म्हणाला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. तोंडात नवीनच चव आल्यासारखा तो बराच वेळ ओठ हलवत बसला होता.

पूर्ण हंगामाचा माल त्याच्या शब्दावर एकदम आला आणि लोखंडी कपाटात रचला गेला. ऊन मी म्हणत होतं. वरचा पत्रा दिवसभर तापायचा, आणि खाली ते कपाट एखाद्या भट्टीसारखं. पहिल्याच दिवशी पहिलं शटल काढलं, प्लॉटवाल्याने पहिला स्मॅश मारला, आणि तीन पिसं जाळीच्या अलीकडेच गळून पडली. दुसरं काढलं, तेच. तिसऱ्याचं तर सर्व्हिसलाच पीस मोडलं. थोड्या वेळात दोन्ही कोर्टांवर कोंबड्या कापून गेल्यासारखं दिसायला लागलं. सगळे त्याच्याकडे बघत होते आणि तो हातातल्या मोडक्या शटलाकडे बघत होता.

मग प्लॉटवाला टॉवेलने मान पुसत जवळ आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, ‘‘काका, त्या दिवशी दुकानात चहा छान होता का हो?’’

‘‘म्हणजे?’’

‘‘म्हणजे काही नाही. नमुना एक, माल दुसरा. धंद्यात चालायचंच. आम्हीही देतो-घेतो. पण निदान मित्रांना तरी सोडायचं.’’

जो माणूस दुसऱ्याची जमीन तिसऱ्याला दाखवून चौथ्याकडून पैसे घेतो, तो इथे उभा राहून नाकाने कांदे सोलत होता! याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण नाकारायचं कसं? चहा खरंच प्यायला होता. त्याने सेक्रेटरीबाईंकडे पाहिलं. त्या खाली वाकून बुटाची नाडी बांधत होत्या, आणि नाडी तर बांधलेलीच होती. तेव्हा त्याला कळलं, की हे एकट्या प्लॉटवाल्याच्या मनात आलेलं नाही. इतकी वर्षं जपलेलं नाव एका कप चहात धुऊन गेलं होतं. त्या चहाची चव घशाशी आली.

घरी आला तो बुटांसकट खुर्चीत बसला. आंघोळीला गेला नाही. ते बघून बायको घाबरली आणि गॅस बंद करून बाहेर आली. तुकड्यातुकड्याने त्याने सगळं सांगितलं.

‘‘कोण म्हणालं? तो बोटं चाटणारा?’’ ती म्हणाली. ‘‘त्याचं काय मनावर घेता!’’

‘‘सगळ्यांनाच तसं वाटतंय गं. सगळ्यांना. मी शेण खाल्लं असं वाटतंय त्यांना.’’ त्याचा आवाज चिरकला. ‘‘नमुन्यातलं एखादं उरलं असेल तर आण. चुलीत घालतो त्याला.’’

‘‘चूल आहे कुठे घरात?’’ असं म्हणत ती आत गेली आणि शेवटचं नळकांडं घेऊन आली.

त्याने शटल बाहेर काढलं आणि रागाने एका पिसाचा दांडा मोडायला गेला. मोडेना. पीस वाकलं, सोडल्यावर परत सरळ झालं. त्याने पुन्हा वाकवलं. मग बॅगेतून क्लबाच्या कपाटातलं शटल काढलं आणि त्याचं पीस वाकवलं. ते वाळक्या काडीसारखं कटकन तुटलं. एकच दुकान, एकच छाप, तोच घाणेरडा वास. त्याने चष्मा लावला.

‘‘हे कुठे ठेवलं होतंस?’’

‘‘ठेवलं होतं तिथेच.’’

‘‘अगं पण कुठे?’’

‘‘बाथरूममध्ये. गिझरच्या वरच्या फळीवर, धुण्याच्या पावडरीच्या पाठीमागे. वास उडून जावा म्हणून झाकणं काढून ठेवली होती. तुम्हीच म्हणालात ना, मला दिसता कामा नये. आंघोळीला तुम्ही चष्मा लावत नाही.’’

‘‘बाथरूममध्ये?’’ तो किंचाळलाच. ‘‘संडासच्या वर?’’

‘‘अगदी वर नाही. जरा बाजूला.’’

आधी त्याला नुसती शिसारी आली. इतके दिवस आपण काय हातात धरत होतो, या विचाराने त्याने दोन्ही हात अंगापासून लांब धरले. आणि मग हळूहळू डोक्यात उजेड पडला. त्याच्या रोजच्या त्या दोन कढत आंघोळी, ती कोंडलेली वाफ, ती उघडी नळकांडी. पिसं दमट होऊन लवचीक झाली होती, म्हणून टिकली. क्लबातली तापत्या पत्र्याखाली भाजून निघाली, म्हणून तुटली. बाकीची बिचारी झोपायच्या खोलीतल्या कपाटात कोरडी पडून नापास झाली. माल कुठलाच त्याने तपासला नव्हता. तपासली होती ती आपली आंघोळ.

‘‘सांगू नका कोणाला,’’ बायको म्हणाली. ‘‘अंदाज चुकला म्हणा आणि मोकळे व्हा.’’

‘‘अंदाज चुकला म्हटलं तर ते चहाच समजणार.’’

दुसऱ्या दिवशी तो क्लबात गेला तेव्हा खेळ सुरू झाला होता. उरलेलं नळकांडं छातीशी धरून तो दोन कोर्टांच्या मधोमध उभा राहिला आणि सगळं सांगितलं. काहीही वगळलं नाही. चहा सांगितला, फळी सांगितली, पावडर सांगितली. ‘‘महिनाभर तुम्ही जी शटलं खेळलात,’’ तो म्हणाला, ‘‘ती माझ्या बाथरूममध्ये होती. संडासच्या… जरा बाजूला.’’

प्लॉटवाला तेव्हा सर्व्हिसच्या तयारीत होता. पीस नीट करायला त्याचं बोट जिभेपर्यंत पोचलं होतं. ते तिथेच थांबलं. मग तो महिनाभराचा हिशेब करत असावा, कारण त्याचा रंग बदलत गेला आणि तो लगबगीने नळाकडे गेला. मागच्या बाकावर कोणीतरी ‘‘शी!’’ म्हणालं. हा शब्द या हॉलमध्ये दुसऱ्या कोणाच्या तोंडून, तोही आपल्याबद्दल, तो पहिल्यांदाच ऐकत होता.

सेक्रेटरीबाई मात्र कामाच्या बाई. त्यांनी उरलेलं शटल हातात घेतलं, पीस वाकवून बघितलं आणि म्हणाल्या, ‘‘मग सगळा माल तुमच्याकडेच नेऊन ठेवू या. बघू तरी.’’

माल आला. गिझरवरच्या फळीवर मावेना, तेव्हा खिडकीच्या कठड्यावर, टाकीवर, आरशाखाली, जागा दिसेल तिथे उघडी नळकांडी उभी राहिली. तो रोज त्यांच्यामध्ये उभा राहून, कोपरं अंगाशी घेऊन, दोन वेळा आंघोळ करायचा. आता ती क्लबाची सोय झाली होती. आणि शटलं टिकली. अगदी पहिल्यासारखी टिकली. प्लास्टिक टळलं. सेक्रेटरीबाई म्हणाल्या, ‘‘सुटलो बाई एकदाचे.’’ प्लॉटवाला नव्या मेंबरांना सांगायला लागला, ‘‘मी तर पहिल्यापासून म्हणत होतो, माल एक नंबर आहे.’’

‘काका, आमचं चुकलं,’ एवढं एक वाक्य मात्र कोणाच्या तोंडून निघालं नाही. तो वाट बघत होता. खेळ झाल्यावर मुद्दाम बाकावर रेंगाळायचा, बुटाच्या नाड्या सावकाश सोडायचा. लोक पाणी प्यायचे, घाम पुसायचे, ‘‘उद्या दोन नळकांडी जास्त आणा काका,’’ म्हणायचे आणि निघून जायचे.

त्यात प्लॉटवाल्याचं घर त्याच रस्त्यावर. काकांचा गुडघा दुखतो तर मी घेऊन जात जाईन, असं त्याने सेक्रेटरीबाईंना परस्पर सांगून टाकलं आणि रोज संध्याकाळी बेल वाजवायला लागला. बूट काढायचा, आणि ते न काढलेले परवडले असं वाटायला लावणाऱ्या मोज्यांनी फरशीवर ठसे उमटवत थेट बाथरूममध्ये शिरायचा. आपला माणूस बाहेर उभा राहून ते ठसे मोजत असायचा. हाकलून द्यावं असं रोज वाटे. पण आज तरी हा बोलेल, या आशेवर तो गप्प राही.

एके संध्याकाळी प्लॉटवाला नळकांडी बगलेत मारून बाहेर आला, दाराशी थांबला आणि आवाज खाली आणून म्हणाला, ‘‘काका, बरेच दिवस एक सांगायचं होतं. कसं सांगू कळत नव्हतं.’’

हा एक पाऊल पुढे सरकला. ‘‘बोला ना.’’

‘‘राग मानू नका हं. पण तुमच्या बाथरूमला फार वास मारतो.’’

आणि नाकाला रुमाल लावून तो जिना उतरून गेला.

आपल्या माणसाने दार लावलं. मग आत गेला, बाथरूमच्या उंबऱ्यावर थांबला आणि छाती भरून श्वास घेतला. ओल्या खुराड्याचा वास. नळकांड्यांचा नुसता नव्हे, भिंतींचा, टॉवेलचा, आणि मनगट नाकाशी नेल्यावर त्याच्या स्वतःचाही.

‘‘अगं,’’ त्याने स्वयंपाकघराकडे बघून विचारलं, ‘‘वास येतोय का गं?’’

‘‘केव्हाचा येतोय,’’ बायको आतून म्हणाली. पोळपाटावरचं लाटणं क्षणभरही थांबलं नाही.

‘‘मग बोलली का नाहीस?’’

‘‘मी कशी बोलणार? मला वाटलं, या घरात नाक एकट्या तुम्हालाच आहे.’’